तपासणी: मेगन

उत्तन,
रविवार दुपार

प्रिय नीलेश,

'प्रिय' लिहिलं आणि पेन थांबलं. दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून राहू दिलंय. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्ये बोलतोस आणि तू बोलायला लागलास की मला तुझंच पटायला लागतं. ही माझी जुनी खोड. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही.

मावशी कशी आहे, असं तू गेल्या आठवड्यात मेसेज करून विचारलंस. बरी आहे. जखम भरली, टाके कधीच निघाले. होडीवर जायच्या आधी ॲलन तिला पडवीत खुर्चीवर बसवून जातो. कुबड्या घेऊन ती चुलीपर्यंत जाते आणि तिथून मला ओरडते, की मीठ जास्त पडलंय. बोंबील वाळत घालायच्या बांबूंकडे मात्र ती बघत नाही. खुर्चीसुद्धा तिने दुसऱ्या बाजूला फिरवून घेतलीय. आई गेली तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून मॅबेल मावशीने ॲलनमध्ये आणि माझ्यात कधी फरक केला नाही, हे तुला सांगितलंय. तिच्या हातचे तळलेले बोंबील खाऊन तू तिला म्हणाला होतास, 'मावशी, तुमचा लेख घेतला पाहिजे आमच्या अंकात.' ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

मी पुन्हा लॅबमध्ये जातेय. तिथल्या काचेच्या खिडकीशी कोणी रिपोर्ट हातात धरून उभं राहिलं, की तू आठवतोस. सात वर्षं झाली. तू वडिलांचा रिपोर्ट परत घेऊन आला होतास. बाकीचे लोक यायचे ते उशीर का झाला म्हणून भांडायला. तू विचारलंस, 'हा आकडा नक्की का? मागच्यापेक्षा फारच कमी आलाय.' मी नमुना परत लावला. आकडा चुकलेला होता आणि चूक माझी होती. तू आवाज चढवला नाहीस. 'बरं झालं विचारलं,' एवढंच म्हणालास. लोक कशाकशावर भाळतात. मी आकडा पुन्हा तपासायला लावणाऱ्या माणसावर भाळले. आता आठवलं की हसू येतं, आणि ते हसू मलाच चांगलं वाटत नाही.

पैसे घेऊन औषधांचं कौतुक बातमी म्हणून छापतात, या रागाने तू पेपरातली नोकरी सोडलीस. मग आपलं मासिक 'बरं वाटू दे' निघालं. शांती नगरात जितेशच्या आयुर्वेदिक दुकानावरची ती खोली, दोन टेबलं आणि पहिल्याच दिवशी तू स्वतःच्या हाताने कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेले नियम. एकाच्या तोंडचं ऐकून छापायचं नाही. अनुभव सांगणाऱ्याला आपण स्वतः भेटायचं. चालू औषध बंद करा, असं कुठल्याही लेखातून सुचवायचं नाही. शेवटचा नियम माझा होता: ज्याने लेख तपासला त्याचं नाव लेखाखाली. तू म्हणालास, 'लिहिणाऱ्यापेक्षा तपासणाऱ्याचं नाव मोठं छापू.' मोठं नाही छापलंस, पण दर लेखाखाली ठळक अक्षरांत यायचं, 'तपासणी: मेगन'. उत्तनच्या चर्चमध्ये मिस्सा सुटल्यावर बायका अंक मागायच्या, आणि मावशी पहिलं पान सोडून शेवटची ओळ दाखवायची.

मुखपृष्ठावर आपण छापायचो, 'आम्ही कोणाचे मिंधे नाही.' आणि खोली जितेशची होती, फुकट. हे वाचकांना सांगायला हवं, असं मी एकदा म्हटलं होतं. तू म्हणालास, 'अगं, मित्र आहे तो. मैत्रीची काय जाहीर नोंद करायची?' मला पटलं.

जानेवारीच्या अंकातला लेख तू स्वतः लिहिलास. जितेशच्या काढ्यावर. त्यात वाक्य होतं, 'मुर्ध्याचे बाबाजी, वय सदुसष्ट, यांच्या मधुमेहाच्या गोळ्या चार महिन्यांत पूर्ण सुटल्या.' बाबाजींशी बोलणं जितेशच्या दुकानातल्या माणसाने करून आणलं होतं. नियम होता म्हणून मी मुर्ध्याला गेले. मिठागरात उमेदीची वर्षं घालवलेला म्हातारा, अंगणात जाळं विणत बसला होता. मी वाक्य वाचून दाखवलं तर त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. म्हणाला, 'गोली कुठं सोरली मी? सकालची येक, रातची येक, चालू हाय. काढा पन पितो. त्या पोरानं सांगितलं, बरं वाटतं येवढं बोल. तेवढंच बोललो.' उठून घरात गेला आणि गोळ्यांचं पाकीट आणून माझ्या हातात ठेवलं. अर्धं संपलेलं होतं. मी तिथूनच तुला फोन लावला. तू म्हणालास, 'ठीक आहे, ते वाक्य काढतो.' खोलीवर येऊन मी तपासणीच्या वहीत लिहिलं: बाबाजी स्वतः भेटले. गोळ्या चालू. वाक्य छापू नये. तारीख घातली, सही केली.

शनिवारी अंक आला. मी तो उघडलाच नाही, कारण रविवारी तू मला पहिल्यांदा घरी नेणार होतास. दोन वर्षं तू 'आईला सांगतो' म्हणत होतास आणि अखेर सांगितलं होतंस. तुझ्या आईने घावणे केले होते, सोबत नारळाचा रस. 'मुलगी उत्तनची आहे तर मासे करायला हवे होते, पण आज चतुर्थी, नाही चालत आमच्यात,' असं म्हणून त्या इतक्या ओशाळल्या की मलाच कसंतरी झालं. त्या आत गेल्या, तेव्हा समोर पडलेला अंक मी सहज चाळला. वाक्य होतं. जसंच्या तसं. आणि लेखाखाली माझं नाव. मी तुझ्याकडे बघितलं, तुझं माझ्याकडे लक्ष होतं. तू मान खाली घातलीस. एवढ्यात आई गरम घावणं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'हिच्याच नावाचा ना रे तो लेख? हुशार आहे हो मुलगी.' मी अंक मिटला आणि घावणं घेतलं. दुसरंही घेतलं.

नीलेश, तुझ्यावरचा राग लिहायला मी बसले होते, पण ते घावणं माझं आहे. त्या क्षणी बोलले असते तर अंक अजून गठ्ठ्यांत बांधलेले होते, सोमवारी वाटायला जाणार होते. मी बोलले नाही. कारण दोन वर्षांनी एका घराचं दार उघडलं होतं आणि ते माझ्या तोंडाने बंद व्हायला नको होतं. अकरा दिवसांनी मी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, 'एका ओळीने काय होतं? सगळे थोडेच गोळ्या सोडणारेत? पुढच्या अंकात बघू.' पुढच्या अंकात काही आलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. मी दर महिन्याला बाकीचे लेख तपासत राहिले, कोण किती पाणी पितो आणि कोणाची पाठदुखी कशाने थांबली, सगळ्यांना फोन करून.

मावशीच्या मधुमेहाच्या गोळ्या कधी बंद झाल्या ते मला कळलंच नाही. मी दर शनिवारी घरी यायचे, पण गोळ्या घेतेस ना, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. मीच तर घरातली तपासणारी होते. एप्रिलमध्ये बोंबील वाळत घालताना तिच्या तळव्यात माशाचा काटा गेला. तिला तो कळला नाही, पाय बधिर झाले होते. ॲलन तीन दिवस समुद्रावर. तो आला तेव्हा घरात वास येत होता आणि ती म्हणत होती, मासळीचा असेल. हॉस्पिटलमध्ये साखर मोजली तेव्हा तिथल्या नर्सने यंत्र बदलून पुन्हा मोजली. नऊ दिवस वाट बघून डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. ॲलन कपडे घ्यायला घरी गेला, त्याला कपाटात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं मिळाली. त्यांच्यात जानेवारीच्या अंकाचं ते पान होतं, चार घड्या घालून ठेवलेलं. त्याने ते मला दिलं. ॲलन माझ्याशी अजूनही फारसं बोलत नाही.

त्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यातून तुला फोन केला, तो तुला आठवत असेल. मी चूक कबूल करणारं निवेदन छापायला सांगितलं होतं. 'करतो,' म्हणालास. दुसऱ्या दिवशी मी फोनवर आपल्या वेबसाइटवरचा तो लेख उघडला. 'गोळ्या पूर्ण सुटल्या' याच्या जागी 'गोळ्या बऱ्याच कमी झाल्या' असं झालं होतं. कधी बदललं, का बदललं, एक अक्षर नाही. तेही खोटंच होतं. आणि खालची ओळ गायब. मग तुझा मेसेज आला: 'काळजी करू नकोस, तुझं नाव काढून टाकलंय.' तुला वाटलं, तू मला वाचवलंस. खरंच तसं वाटलं असेल, म्हणूनच मी त्याला आजपर्यंत उत्तर दिलं नाही. पडद्यावरून नाव पुसता येतं रे. छापलेले अंक मुर्ध्यात आहेत, घोडबंदरच्या दवाखान्यातल्या बाकावर आहेत, तुझ्या आईच्या टेबलावरही असेल एखादा. आणखी किती कपाटांत ते पान घडी घालून ठेवलंय, तुला माहीत नाही. मलाही नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. तू करशील म्हणून मी मेपासून थांबले. आता मीच शुद्धिपत्र छापून घेतेय. अंक जिथे जिथे गेला तिथे मी स्वतः वाटणार आहे, चर्चच्या दारात, मुर्ध्यात, दवाखान्यात, तुमच्या बिल्डिंगखालीसुद्धा. मजकूर सोबत आहे. त्यात तुझं नाव आहे, खोली कोणाची होती ते आहे, वहीतल्या पानाची छायाप्रत आहे आणि अंक मिटून गप्प बसलेल्या मेगनचंही नाव आहे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी दाखवायचं, त्याची बाजू मागायची, म्हणून पाठवतेय. शनिवारपर्यंत तू जे लिहून देशील ते एकही शब्द न कापता खाली छापीन. काही आलं नाही, तर विचारलं होतं पण उत्तर आलं नाही, असं छापीन. बाबाजींना वाचून दाखवलंय, त्यांनी अंगठा दिलाय. काल मावशीला दाखवलं. आपलं खरं नाव घाल म्हणाली, गावाचंही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच चूक काढली. मी लिहिलं होतं, 'लेखावर विश्वास ठेवून त्यांनी गोळ्या बंद केल्या.' ती म्हणाली, 'लेख मी वाचलाच न्हाय गो. खाली तुजं नाव हाय ते बघलं, बस. ते लिव.' मी तिच्यासमोर ते वाक्य खोडलं आणि ती सांगत होती तसं लिहिलं.

कधीकाळी 'तुझीच' म्हणून सही करणारी,
मेगन