सात नंबरच्या भट्टीवरची हिरवी पुडी

मेईनुंग,
९ फेब्रुवारी २०१२

चि. आ-शेंग यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नव्या वर्षाला आलास तो जेमतेम दीड दिवस. तांदळाच्या शेवयांचे दोन वाडगे खाल्लेस, पण सगळं खाली मान घालून. तेव्हा मी बोलले नाही. नवं वर्ष होतं, सणाला कशाला.

आता कामाचं लिहिते. तुझ्या कंपनीचा शेअर दोन डॉलरला आलाय. वाडगाभर शेवयांच्या पैशांत वीस शेअर येतात, ऐकलंयस का कधी! तंबाखूचं शेत विकल्याचे पैसे पोस्टात पडून आहेत. ते तिथे घालावेत असं मनात आहे. शेअरदलालाच्या हॉलमध्ये बसणाऱ्या बायका मला वेड्यात काढतात. म्हणतात, म्हातारपणाची एवढीच पुंजी, आणि ती बुडत्या नावेत घालतेस? मी म्हटलं, चांगल्या दिवसांत याच कंपनीने माझ्या भावाला शेअर वाटले, ते विकून त्याने माझ्या घरावर छप्पर घातलं. खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही माणसाने?

हॉलमधल्या भावांच्या पाटीवर रोज हिरवा आकडा. यंत्राने शहाण्यासारखं चालावं म्हणून तुमच्या भट्टीवर ठेवतात ती खाऊची हिरवी पुडी शुभ, आणि आमच्या पाटीवर हिरवं म्हणजे घसरण. पुड्यांवरून आठवलं, यंदाचा खोका कधी पाठवू? गेल्या खेपेला दोन पिवळ्या गेल्या आणि तुझा पंप बंद पडला म्हणून केवढा ओरडला होतास! या वेळी एकेक पुडी चष्मा लावून बघीन.

तू आत आहेस. शेअर घेऊ की नको, एवढंच लिही. तब्येतीला जप.

तुझी,
आ-मेई ताई

शिनचू,
१८ फेब्रुवारी २०१२

ती. आ-मेई ताईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कंपनीतल्या माणसाने घे किंवा विक म्हणणं कायद्याला धरून नाही, तेव्हा मला विचारू नकोस. पेपरात येतं ते तू वाचतेसच. संगणकाची एक चिप बनवायला जो खर्च येतो त्याहून कमी भावाला ती विकावी लागते. कोरियावाले आमच्याहून मोठे आहेत, त्यांना दम धरता येतो. सरकार काहीतरी करील असं वरचे लोक म्हणतात. गेली चार वर्षं म्हणतायत.

यंत्रं मात्र आमची चांगली आहेत. चिप भाजायची माझी सात नंबरची भट्टी अठरा वर्षांत एकदाही माझ्या चुकीने थांबलेली नाही. तू म्हणतेस ना, लग्न तिच्याशीच लावलंस म्हणून, तर म्हण. सोन्यासारखी आहे.

काम भरपूर आहे. खोका या वर्षी नको, इथे पुड्या आहेत. तुझ्या गुडघ्याला आल्याचा शेक दे.

तुझा,
शेंग

मेईनुंग,
२७ फेब्रुवारी २०१२

चि. आ-शेंग यास आशीर्वाद. वि. वि.

काम भरपूर आहे म्हणतोस, म्हणजे माल जातोय. यंत्रं सोन्यासारखी म्हणतोस, म्हणजे घर मजबूत आहे. माझं उत्तर मला मिळालं, कायदाही मोडला नाही. येत्या सोमवारी, पाच तारखेला, पोस्टातून पैसे काढून हॉलमध्ये जाते.

एक मात्र उमगलं नाही. खोका नको का म्हणालास? अठरा वर्षांत पहिल्यांदा. बहिणीच्या पुड्या आता चालेनाशा झाल्या काय रे? मोठा इंजिनिअर!

शेताच्या बांधावरची लिचीची झाडं नव्या मालकाने तोडली. मी तिकडून जाणंच सोडलंय.

लोभ आहेच, पण पत्रही येऊ दे.

आ-मेई ताई

शिनचू,
१ मार्च २०१२

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोमवारी जाऊ नकोस. हे पत्र जलद टपालाने टाकतोय. मिळाल्यावर फोनवर नुसतं 'मिळालं' म्हण.

काम भरपूर आहे हे खोटं लिहिलं होतं. नोव्हेंबरपासून महिन्यातले पंधरा दिवस आम्हांला बिनपगारी रजेवर बसवतात. त्या दिवसांतही मी सकाळी कंपनीचं जाकीट चढवून निघतो आणि वाचनालयात पेपर वाचत बसतो. शेजाऱ्यांना काय सांगू? शेवया खाताना मान वर केली असती तर तू चेहऱ्यावरच वाचलं असतंस. म्हणून केली नाही.

पुड्या आहेत हे मात्र खरं होतं. परवा पाळीला गेलो. सात नंबरच्या भट्टीवर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली तुझी हिरवी पुडी होती. सहज तिच्यावरची खाण्याच्या मुदतीची तारीख बघितली, तर डिसेंबरमध्येच उलटलेली. मग ओळीने सगळ्या भट्ट्या बघत गेलो. चौदा भट्ट्या, चौदा पुड्या, सगळ्यांची तारीख गेलेली. पूर्वी तारखेच्या आदल्या आठवड्यात पुडी बदलायची म्हणून आमच्यात भांडणं व्हायची. शिळी पुडी ठेवली की यंत्र रुसतं, हे नव्यांना मीच दटावून सांगायचो. आणि ताई, मीही बदलली नव्हती. विसरलोच होतो गं मी.

कर्जाचे आकडे मला कळत नाहीत. पण आम्ही मनातून उठून गेलोय एवढं कळलं. जिथल्या माणसांना पुडी बदलावीशी वाटत नाही, तिथे तुझं शेत घालू नकोस. कायद्याने मला काय करायचं ते करू दे.

रागावलीस तरी चालेल, पण ऐक.

शेंग

मेईनुंग,
६ मार्च २०१२

चि. आ-शेंग यास आशीर्वाद. वि. वि.

काल गेले नाही. फोनवर 'मिळालं' म्हटलं आणि रडू येईल म्हणून ठेवला. आता लिहिते, ते शांतपणे वाच.

अर्धे पैसे मी आधीच घातले होते. तू नव्या वर्षाला येऊन गेलास, बाजार उघडला, त्याच आठवड्यात. तुला विचारलं ते त्यानंतर. शेअर बरा की वाईट हे मी कुठे विचारत होते रे! खाली मान घालून जेवणारा माझा भाऊ बरा आहे का, ते विचारत होते. सरळ विचारलं असतं तर तू बरा आहे म्हणाला असतास. तू 'घे' म्हणावंस म्हणून वाट बघत होते. म्हणाला असतास तर निवांत झोपले असते.

तुझा राग आलाय, खूप आलाय. चार महिने जाकीट घालून हिंडलास आणि मला कळू दिलं नाहीस! आई गेल्यावर तुझ्या अंगात पहिलं जाकीट मीच घातलं होतं. माझ्यासमोर कसली लाज?

शेताचे अर्धे पैसे पोस्टात आहेत. दोन माणसांच्या भाताला पुरतात, हिशोब करून बघितलाय. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे.

आणि खोका पाठवलाय. नको म्हणालास तरी पाठवलाय. यंत्रांचा काय दोष? कंपनी चालो न चालो, सात नंबरवर शिळी पुडी राहता कामा नये. आपल्या तंबाखू वाळवायच्या भट्टीचाही शेवटचा जाळ मी नीट, पुरती लाकडं घालूनच केला होता.

ये म्हणजे झालं.

आ-मेई ताई

शिनचू,
२ जुलै २०१२

ती. ताईस सा. न. वि. वि.

आपला शेअर पाटीवरून उतरवला, हे हॉलमधल्या बायकांनी तुला माझ्या आधी सांगितलं असेल. तुझ्याकडच्या कागदांना आता कोणी काही देणार नाही. मला क्षमा कर. मी फेब्रुवारीत खरं लिहिलं असतं तर, घेणारे होते तोवर ते विकून निदान थोडं हाती आलं असतं. हे मला जन्मभर सलणार.

सात नंबरची भट्टी समुद्रापलीकडच्या कोणी घेतली. गेल्या आठवड्यात ती विझवायचं काम माझ्याकडेच आलं. एकदम विझवली तर आतली काच तडकते, म्हणून दोन दिवस थोडी थोडी उतरवत नेली. तुझ्या खोक्यातल्या पुड्या मी मार्चमध्येच चौदाही भट्ट्यांवर ठेवल्या होत्या. एकाने विचारलं, आता कशाला? मी म्हटलं, ताईने पाठवल्यात. मग त्यानेच हात लावून सरळ केल्या.

भट्टी पाठवायला पेटीत बांधताना तिच्यावर काही ठेवायचं नसतं. पुडी काढून घेतली. अठरा वर्षांत तिथली पुडी मी कधी खाल्लेली नाही. ही बॅगेत घातली आहे. गुरुवारी दुपारच्या गाडीने निघतो. शेवया कर, मान वर करून जेवीन. मग ही पुडी आपण दोघं फोडू. ऑक्टोबरपर्यंतची तारीख आहे, अजून ताजी आहे.

तुझाच,
शेंग