पडण्याची रंगीत तालीम

चिखली, बुधवार

प्रिय अर्जुनराव यांस रंगरावचा रामराम.

आम्ही दोघं बरे आहोत. (माझं कमरेपर्यंत बरं आहे, खालचं पुढे येईलच.) तुमचा गुडघा आणि दापोडीच्या खोलीतली ओली भिंत, दोन्ही कसे आहेत?

साठी उलटली. मूलबाळ झालं नाही याचं रडून झालं. पण बाथरूममध्ये पडलो तर उचलणार कोण, हा प्रश्न राहिलाच. (भाचे आहेत. ते ग्रुपवर अंगठा पाठवतात.) चाकणच्या कंपनीत माझी एकोणतीस वर्षं सेफ्टी खात्यात गेली. जे होणार आहे त्याचं मॉक ड्रिल आधी घ्यायचं, एवढंच मला येतं. म्हणून परवाच्या रविवारी म्हातारपणाचं ड्रिल ठेवलं. मी बाथरूममध्ये पडायचं, आमच्या मंडळींनी गॅलरीतून भोंगा वाजवायचा, आणि शेजारी किती मिनिटांत येतात ते मी बघायचं. (भोंगा मला निवृत्तीला भेट मिळालेला. इतरांना चांदीचा गणपती देतात.)

मी नीट पडलो, अंगाखाली टॉवेल घेऊन. भोंगाही झकास वाजला. पण आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी एक माणूस कंपनीत. भोंगा ऐकताच सगळ्यांनी गॅस बंद केले, लिफ्ट टाळली आणि न पळता जिन्याने उतरून पार्किंगमध्ये रांगा धरल्या. वर कोणीच आलं नाही. मंडळीही खाली गेल्या. (आधी आपण बाहेर पडायचं, हे मीच त्यांना शिकवलेलं.) उठायला गेलो तर कंबर खरोखरच धरली. हाका मारल्या, पण खाली कडक शिस्त होती. अर्जुनराव, मी फार घाबरलो. हे तुम्हालाच सांगतो.

मग आमचे चेअरमन गोरक्ष यांनी हजेरी घेतली. अडतीस हवे होते, सदतीस भरले. ते म्हणाले, "एक मानूस कमी हाय. घावल्याबिगर कुनी घरला जायचं न्हाई." मग सगळे वर आले आणि बाथरूममध्ये मावेनात म्हणून रांगेने मला बघून गेले. अहवालात मी लिहिलं : बावीस मिनिटं, सुधारणेला वाव.

आपला,
रंगराव

ता. क. आमच्या खालचा फ्लॅट रिकामा आहे. वहिनी गेल्यापासून तुम्हीही एकटेच. आग्रह नाही.

ता. क. २. भावजी, हे पत्र मी कौशल्या लिहितेय. हे पालथे पडून सांगताहेत. आग्रह नाही म्हणतात, पण हजेरीत एकोणचाळिसावं नाव तुमचं घालून बसलेत. पुढचा भोंगा एक तारखेला आहे. तुम्ही कमी भरलात तर गोरक्षभाऊ आम्हा सगळ्यांना तुम्हाला शोधायला दापोडीला आणतील. तुमच्या खोलीत एवढी माणसं मावायची नाहीत. त्यापेक्षा तुम्हीच या.