कथलाची होडी

१ जानेवारी १९९८, गुरुवार. शारजा.

काल खोर फक्कान बंदरावरच अडकलो. दुबईत अल क्वोजला आमचं गोदाम आहे, तिथून क्रेनचे स्पेअर पार्ट घेऊन गेलो होतो. रमझानमुळे दुपारनंतर स्टोअर बंद, माल उतरला तो इफ्तारनंतर. निघणार तेवढ्यात एरो म्हणाला, थांब, वर्ष बदलायचंय.

एरो म्हणजे बंदरावर क्रेन बसवायला आलेला फिनलंडचा म्हातारा. ताडमाड, पांढऱ्या भुवया, आणि बोलणं म्हणजे एकदम काटकसर. काल त्याने पळीत कथील वितळवलं आणि बादलीतल्या गार पाण्यात ओतलं. चर्र. जो काही वेडावाकडा गोळा निघतो तो भिंतीपुढे धरायचा, मागून टॉर्च मारायचा, आणि सावली बघून वर्ष कसं जाणार ते सांगायचं. त्यांच्याकडे एकतीस डिसेंबरला घरोघरी करतात म्हणे. माझी सावली बघून एरो म्हणाला, होडी. फोरमन पॉलचेट्टन म्हणाला, "होडी किधर? ये तो चप्पल है. तू घर जाएगा, मकरंद."

मी होडी धरली.

धरणारच. मार्चअखेर गोदाम बंद, शेठने सांगून टाकलंय. म्हणजे व्हिसा खलास, म्हणजे लातूर, म्हणजे अण्णांच्या (वडिलांच्या) हार्डवेअरच्या दुकानात बसा. आणि इकडे बंदरावर जहाजांचे दोर घेणारी जी लाँच आहे तिच्यावर एक जागा आहे. कप्तान युसुफ मार्चमध्ये परीक्षा घेणार. धक्क्यापासून पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत पोहत जायचं आणि परत यायचं, दोराच्या गाठी मारून दाखवायच्या, रेडिओवर इंग्रजी बोलायचं.

तर संकल्प : पोहणं शिकणं. रोज पळणं. गाठी. इंग्रजी. आणि एरोच्या मुलखातल्या जुन्या गोष्टी, सगळ्या. होडी त्याने दाखवली, आता ती चालवायची कशी हेही त्याच्याकडेच असणार.

पोहायला येत नाही हे बंदरावर कुणाला बोललो नाही.

२ जाने., शुक्र.

दादाला सांगितलं. (शिरीषदादा, माझा आतेभाऊ. त्याच्याच हॉलमध्ये माझा मुक्काम.)

"पुण्यात फोटोग्राफी, गोव्यात हॉटेल, मस्कतला एसीचं काम. आता होडी."

"सगळे अनुभव आहेत, दादा."

"अनुभव नाही, सगळं अर्धवट."

वहिनी आतून : "वर्षाच्या सुरुवातीला चांगलं बोला हो. वास्तू तथास्तु म्हणते." दादा पेपरात शिरला.

सकाळी पाण्याकाठच्या रस्त्याला, कॉर्निशवर, पळायला गेलो. वाटेत मोकळ्या प्लॉटवर पठाणांची मॅच चालली होती, त्यांना एक माणूस कमी पडत होता. संकल्प व्यायामाचा आहे, पळण्याचाच असं थोडंच. दुपारी घरी.

६ जाने.

एरोचा अंगठा पत्र्याने कापला. फडकं गुंडाळत तो स्वतःशी काहीतरी पुटपुटत होता. विचारलं तर आधी काही नाही म्हणाला. मग चहा संपवून सांगितलं. त्याच्या आजीच्या गावात लोखंडाने जखम झाली की म्हाताऱ्या लोखंडाचा जन्म म्हणायच्या. लोखंड आधी दूध होतं. जमिनीवर सांडलं, गोठलं. भट्टीत घातल्यावर त्याने शपथ घेतली की मी कुणाला दुखवणार नाही. ते शांत व्हावं म्हणून मधमाशीला मध आणायला सांगितला, पण आली गांधीलमाशी, विष घेऊन. तेव्हापासून ते चावतं. हे सगळं म्हटलं की रक्त थांबतं. म्हणजे ज्याचा जन्म तुम्हाला ठाऊक, ते तुमचं ऐकतं. आगीचा जन्म, थंडीचा जन्म, सापाचा जन्म, सगळ्यांचे आहेत.

"पाण्याचा?"

"असेल."

असेल म्हणजे काय? आहेच. गाडी चालवताना डोक्यात तेच. मसाफीच्या बाजारात उगाच थांबलो, गालिचे बघितले. पण रस्ता सापडला. पाण्याचा जन्म शोधायचा. मग पाणी काय करणार आहे मला!

९ जाने., शुक्र.

ऋचाच्या एन्सायक्लोपीडियात भरती-ओहोटी वाचली. (ऋचा दादाची मुलगी, चौथीत. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते.) चंद्राने पाणी ओढलं जातं हे ऐकून होतो, पण एवढं? मग मोती वाचले. इथले लोक नाकाला चिमटा लावून तळाशी जायचे. मग चिमट्याचं चित्र काढलं. मग जेवायला बोलावलं.

१५ जाने.

काल संक्रांत. वहिनीने एरोसाठी तिळगुळाचा डबा दिला. त्या लोखंडाच्या गोष्टीने तिचं मन जिंकलंय. "आपलेच आहेत की हो भावजी ते, फक्त लांब राहतात."

डबा दिला, तिळगूळ घ्या गोड बोला याचा अर्थ सांगितला. एरोने एक वडी तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. "छान आहे. बोलणं सक्तीचं आहे?"

पॉलचेट्टनने बाकीचा डबा इफ्तारनंतर रिकामा केला.

गाठी : बोलाईन जमली. ही गाठ आवळत नाही, सुटत नाही, जीव वाचवते. दादाच्या टायची बोलाईन बांधून ठेवली होती. सकाळी बोलणी खाल्ली.

२३ जाने., शुक्र.

अल ममझारच्या किनाऱ्यावर सगळे. पुऱ्या, बटाट्याची भाजी डब्यात, इफ्तारनंतर खायला. ऋचा आल्या आल्या पाण्यात. मी काठावर उभा राहून तिला ओढ कशी असते, वाळू कुठून येते, खारटपणा कशाने ते सांगत होतो. चांगलं रंगलं होतं.

"काका, यू नो एव्हरीथिंग. हॅव यू इव्हन बीन इन?"

"जाणार आहे. आधी समजून घेतोय."

"समजून व्हॉट? इट्स वॉटर."

दादा चटईवरून : "त्याचा सिलॅबस संपू दे."

घोट्यापर्यंत गेलो. गार होतं.

३१ जाने.

ईदच्या सुट्टीनंतर आज खोर फक्कान (यापुढे खो.फ.). एरोला सगळं म्हणून दाखवलं. चंद्र, वारा, डोंगरातून येणारे कोरड्या ओढ्यांचे लोंढे, मीठ, मोती. मीच जुळवलेलं, थोडं चालीत. पाण्याचा पूर्ण जन्म. तो ऐकत राहिला. पॉलचेट्टनसुद्धा थांबला होता.

मग एरो हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं, सगळे दात.

"ती म्हातारी जन्म म्हणायची तेव्हा तिचा हात कुठे असायचा?"

मला काय माहीत.

"जखमेवर. दाबून धरलेला. पूर्ण वेळ."

पॉलचेट्टन : "मतलब? ये पानी में गया ही नहीं अभी तक? स्विमिंग नहीं आता क्या?"

आता सगळ्या बंदराला कळलं.

कान तापले, पण खोटं कशाला लिहू, हलकं वाटलं. जानेवारी महिना मी जखमेपासून लांब उभं राहून मंत्र म्हणत घालवला. चला. यल्ला.

३ फेब्रु.

एरोने छोट्या धक्क्याच्या मागे कंबरभर पाण्यात उतरवलं. "झोप."

पाण्यावर झोपायचं! पाय सुटले की मी आपोआप उभा होतो आणि उभा माणूस बुडतो. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकर आणि बादली. त्यात कोण झोपतं? नाकातोंडात गेलं. पुन्हा. पुन्हा. शेवटी त्याने पाठीखाली एक बोट ठेवलं, फक्त एक, आणि मी राहिलो. आकाश दिसलं. कानात पाण्याचा आवाज, स्वतःच्या श्वासाचा आवाज. मग कळलं की बोट कधीच काढून घेतलंय. कळल्याबरोबर बुडालो.

पण राहिलो होतो!

१० फेब्रु.

डिलिव्हरी असो नसो, खो.फ.ची फेरी मी मागून घेतो. शेठला वाटतं पोरगं सुधारलं.

पोहून झाल्यावर एरोच्या बाष्पघरात. भंगारात काढलेला, फळं गार ठेवायचा रीफर कंटेनर, जाड भिंतीचा, त्यात त्याने चूल बसवलीय. तापलेल्या दगडांवर पाणी टाकायचं आणि वाफेत बसायचं. वाळवंटात येऊन घाम विकत घेतोय म्हणून पॉलचेट्टन हसतो, पण गुरुवारी न चुकता येऊन बसतो. नियम : आत शिवी नाही, शिट्टी नाही, भांडण नाही. सगळे निघाले की शेवटची वाफ सोडून दार लावायचं. ती तिथल्या छोट्या म्हाताऱ्याची. तो दिसत नाही, पण रागावला तर निघून जातो आणि मग जागा जळते.

घरी सांगितलं. वहिनी : "मग! मी काय सांगते रोज?" आणि दादाकडे बघितलं.

१९ फेब्रु.

रेडिओचं इंग्रजी ऋचाकडे. ती कप्तान, मी लाँच. ती बेडरूममधून, मी किचनमधून. हेड लाइन म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा दोर.

"लाँच वन, टेक द हेड लाइन. ओव्हर."

"हेड लाइन, ओके मॅडम."

"नो मॅडम! से कॉपी. काका, यू आर सो स्लो, द शिप हिट द वॉल."

जहाज तीनदा भिंतीवर आपटलं. वहिनी पण आता "वरण संपलं, ओव्हर" म्हणते. दादा हे खपवून घेतोय, नवल आहे.

२७ फेब्रु., शुक्र.

लिहायला लाज वाटते आहे पण लिहितो. सोमवारी खो.फ.ला लाकडी गलबताच्या नाखव्याने विचारलं, उत्तरेला मुसंदमला चाललोय, येतो का? डोंगर थेट समुद्रात उतरतात म्हणाला, डॉल्फिन म्हणाला. शेठकडे सुट्टी शिल्लक होती. एरोला सांगितलं, येतो चार दिवसांत. तो म्हणाला, "बरं." एवढंच. बरं.

गेलो. गलबताच्या नाकावर बसलो, वारा काय, वा! आणि दिब्बा बंदराच्या अलीकडे बघतो तर खाली निळं-काळं पाणी, आणि मनात सारखं की या पाण्यात पाय कसे मारायचे ते अजून नीट येत नाही मला. डॉल्फिन दिसले, पण मन लागेना. हे माझं कधी होत नाही! मी निघालो की निघालो. दिब्ब्याला मासळी द्यायला टेकलो तेव्हा उतरलो. नाखवा ओरडला, "हबीबी, पोट बिघडलं?" हो म्हणालो. टॅक्सीत चार बलुच माणसं आणि एक बकरी यांच्याबरोबर परत.

एरोने घड्याळ बघितलं. "झोप," म्हणाला. झोपलो पाण्यावर.

१० मार्च.

अर्ध्यापर्यंत! बोयाच्या अर्ध्यापर्यंत जाऊन परत. पॉलचेट्टन काठाने चालत "किक, किक, अरे किक मार" ओरडत. त्याला स्वतःला पोहता येत नाही, हे आज कळलं.

अण्णांचा फोन. दुकानाला रंग देतायत. "तू आलास की बोर्डावर तुझं नाव टाकू." चांगलं बोलले बिचारे. दादा शेजारी उभा होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "परीक्षा कधी?" पहिल्यांदाच विचारलं.

१७ मार्च.

एरो चालला. काम संपलं, आता कुठल्याशा दुसऱ्या देशात, दुसरी क्रेन. परीक्षेआधीच. मी म्हटलं आठवडाभर थांबा. तो म्हणाला विमान थांबत नाही.

शेवटचं बाष्पघर. मी विचारलं, उपयोगी पडेल असं काहीतरी सांगा, मंत्र, जन्म, काही. त्याने दगडांवर अजून थोडं पाणी टाकलं. मग म्हणाला, "तू खूप विचारतोस. ते चांगलं आहे. पाण्यात असताना विचारू नकोस."

वहिनीने चकल्या दिल्या होत्या. हातात पिशवी धरून गेला. मागे वळला नाही, त्यांच्यात नसेल. मी मात्र गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा.

पॉलचेट्टनने न सांगता शेवटची वाफ सोडली आणि दार लावलं.

२३ मार्च.

आज बोयाला हात लावला. शेवाळ, गुळगुळीत. काठावर फक्त पॉलचेट्टन, त्याने टोपी उडवली, ती पाण्यात पडली. परत येताना घेऊन आलो.

गोदामातली रॅक सुद्धा विकली. माझी खुर्चीही गेली, तिच्यावर आता अबू धाबीकडे मुसफ्फात कुणीतरी दुसरा बसतो.

२६ मार्च, गुरु. खो.फ.

परीक्षा झाली.

वारा होता. कप्तान युसुफ म्हणाला, उद्या घेऊ का? मी म्हटलं, जहाज काय वारा बघून येतं? तोंडातून गेलं. त्याने हाताने पाणी दाखवलं.

जाताना ठीक. येताना मध्यावर लाट तोंडात आली आणि पाय खाली जायला लागले, मी उभा राहायला लागलो. धक्क्यावर कुणीतरी बुडणाऱ्याला फेकायची रिंग उचलली ते दिसलं. पाठीवर वळलो. आकाश. खोकलो. श्वास आला. मग पाठीवरूनच पाय मारत आलो, डोकं शिडीवर आपटलं तेव्हा कळलं पोचलो.

कप्तान : "स्लो. व्हेरी स्लो." बास. वहीत काही लिहिलं नाही.

गाठी सगळ्या झाल्या, एक उलटी बसली, स्वतःच सोडून परत मारली. रेडिओवर "कॉपी" म्हणालो, मॅडम नाही म्हणालो.

मग विचारलं, कप्तान, काय? तो लाइफ जॅकेट घेऊन आला, माझ्या छातीवर आपटलं. "मापाचं आहे? पहाटे पाचला एक जहाज लागतंय. लाँचवर ये. मग बघू."

दादाला इथल्या बूथवरून फोन केला.

"लागलास का?"

"पहाटे जहाज आहे."

"अरे, पण लागलास का?"

"दादा, पहाटे जहाज आहे."

दादा म्हणाला, "जेवलास का?" आणि मागून वहिनी ओरडली, "गजर लावा भावजी, दोन लावा!"

एक पॉलचेट्टनच्या घड्याळाचा लावलाय. दुसरा म्हणून ऋचा पॉलचेट्टनच्या खोलीवर फोन करणार आहे.