चादरींच्या खोलीतल्या सभेला माझं घर

मी, समता जानराव सुरडकर, वय ६४ वर्षे, धर्म बौद्ध, पेशा निवृत्त परिचारिका, मूळ गाव धामणगाव बढे, ता. मोताळा, हल्ली राहणार बुलडाणा, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. मला आतड्याचा कॅन्सर आहे. डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला दोघं-तिघं येऊन गेले, त्यांना चहा पाजून परत पाठवलं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. चिखली रस्त्याकडचं माझं तीन खोल्यांचं घर स्वकष्टाचं आहे. ते जागेसह 'बुलडाणा जिल्हा कर्करोग परिचारिका सभा' या नोंदणीकृत संस्थेला देते. पुढच्या खोलीत वर्ग भरेल. मागच्या दोन खोल्यांत बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुली राहतील.

माझा भाचा कुलदीप म्हणाला, "आत्या, नर्सायले घर देऊन राह्यली तू? आम्ही काय घोडं मारलं?" काही मारलं नाही, बाळा. पण कारण इथं लिहून ठेवते, म्हणजे म्हातारीला कोणी भरीस घातलं असं उद्या कोर्टात म्हणता येणार नाही.

२०१२ साली मी एका खाजगी रुग्णालयाच्या कॅन्सर विभागात मुख्य परिचारिका होते. विभागात बारा परिचारिका. कॅन्सरचं औषध शिरेतून कसं द्यायचं हे मुंबईत रीतसर शिकून आलेली मी एकटी. तिघींना मी माझ्या वेळात शिकवलं होतं. बाकीच्यांना शिकवायला वेळ द्या म्हणून तीन अर्ज केले होते, उत्तर आलं नाही. माझ्या रजेच्या दिवशी अपेक्षा नावाच्या मुलीला, नोकरीला लागून दोन महिने झालेल्या, औषध लावायला उभं केलं. पेशंट होत्या रोहिणखेडच्या वच्छलाबाई. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पोरी, हात जळून राह्यला." अपेक्षानं घाबरून डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चालू ठेव." तिनं चालू ठेवलं. औषध शिरेबाहेर जात होतं. हे औषध मांस जाळतं. वच्छलाबाईंची तीन बोटं आजही वळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी माझ्यापुढे टाइप केलेला कागद सरकवला. अपेक्षाला पूर्ण प्रशिक्षण दिलं होतं, चूक तिची, असा मजकूर.

मी म्हटलं, "साहेब, तिला हे कोणी शिकवलंच नाही."

ते म्हणाले, "नर्सनं एवढा विचार करायचा नसतो, बाई. सुई लावायची असते."

मी सही केली नाही. अपेक्षाला त्याच दिवशी काढलं. मला चादरींच्या खोलीत पाठवलं: धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या आणि द्यायच्या. एकवीस वर्षांच्या नोकरीनंतर. पहिले आठ दिवस मी दार लावून रडले, हेही लिहून ठेवते.

मग विभागातल्या पोरी चादरी न्यायला येऊ लागल्या. एकेक चादर न्यायला येत आणि अर्धा तास थांबत. त्या ढिगांमध्ये बसून मी त्यांना शिरा, औषधं, काय थांबवायचं, कधी थांबवायचं हे शिकवलं. तिथंच आम्ही ठरवलं की आपली सभा करायची. सदस्य झालेल्या प्रत्येकीला शिकवायचं, आणि सदस्यावर बालंट आलं तर सगळ्यांनी उभं राहायचं. पहिलं पत्र आम्ही अकराजणींनी दिलं: जिला शिकवलेलं नाही ती हे औषध लावणार नाही.

व्यवस्थापक म्हणाले, पेशंट ताटकळले तर पाप तुमच्या माथी. मलाही तीच धास्ती होती. म्हणून पेशंट सोडून कोणी गेलं नाही. शिकलेल्या तिघींनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळी औषधं लावली, बाकीच्या शेजारी उभ्या राहून शिकल्या. असं नऊ दिवस. एकाही पेशंटचं औषध चुकलं नाही. दहाव्या दिवशी मला विभागात परत बोलावलं आणि शनिवारचा वर्ग मंजूर झाला. आज जिल्ह्यात सभेच्या एकशे चाळीस सदस्य आहेत.

वच्छलाबाईंना भेटायला मी रोहिणखेडला गेले, शिव्या खायच्या तयारीनं. त्या म्हणाल्या, "मले कोनाची नोकरी नाही घ्याची. मले इतलंच सांगा, त्या पोरीले शिकवलं काऊन नाही?" पुढे त्या स्वतःच वर्गाला येऊ लागल्या. नव्या मुलींपुढे हात धरून म्हणतात, "पाहा, लाजू नका. अन् पेशंट जळते म्हणला का आधी बंद करा, मंग फोन करा." याहून चांगला धडा मी कधी देऊ शकले नाही.

२. शिकवायचा रबरी हात, माझी पुस्तकं आणि एकतीस वह्या अपेक्षाला. वह्यांतली पेशंटची नावं तिनं आधी खोडावीत. नोकरी गेल्यावर ती डोणगावला ब्लाऊज शिवत होती. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा म्हणाली, "मॅडम, ती औषधाची थैली पाह्यली का माह्या हाताले कापरं भरते." मी म्हटलं, "भरू दे. ज्याले कापरं भरत नाही त्याचंच मले भेव वाटते." आज ती सभेची सचिव आहे आणि मला औषध तीच लावते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनंच करावी.

३. धामणगावची वडिलोपार्जित एक एकर, माझ्या वाट्याची, कुलदीपला. त्यानं ती विकू नये असं वाटतं, पण अट घालत नाही.

४. भावजय वंदना हिला घरातली सगळी भांडी. कॅन्सर माझ्या कपड्यांतून घरी येतो असं समजून तिनं माझं ताट सतरा वर्षं वेगळं ठेवलं. ते ताटही त्यातच आहे. मी घासून ठेवलं आहे.

५. बँकेतली ठेव सभेला. त्यातून दरवर्षी दोन मुलींना कॅन्सर परिचर्येच्या शिक्षणासाठी मुंबईला पाठवावं.

६. त्याच रुग्णालयाच्या व्यवस्थापनानं आता सभेला मोठा हॉल देऊ केला आहे. अध्यक्ष मात्र त्यांनी नेमायचा. सभेनं अध्यक्षाची खुर्ची कोणत्याही व्यवस्थापनाला दिली, तर घर विकून सगळी रक्कम कलम ५ मधल्या मुलींसाठी वापरावी. व्यवस्थापनानं माझी शोकसभा घेऊ नये. माझा फोटो लावू नये. माझ्याविषयी चांगलं बोलू नये.

७. देहदानाचा अर्ज भरला आहे. माझ्या देहावर डॉक्टरकीची मुलं शिकतील तेव्हा परिचारिका मुलींनाही जवळ उभं राहू द्यावं, मागच्या रांगेत नाही. माझ्या शिरा सापडायला अवघड आहेत. घाई करू नका.

८. माझा मृत्यू शनिवारी झाला तर वर्ग रद्द करू नये.

हे वाचून, समजून मी साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

समता जानराव सुरडकर (सही)

साक्षीदार:
१. ज्ञानेश्वर कडूबा शिंबरे, निवृत्त शिक्षक, शेजारी (सही)
२. डॉ. अनुपमा खर्चे, बुलडाणा (सही)

ठिकाण: बुलडाणा
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५

ता. क. कलम ६ मध्ये तीन ठिकाणी एक शब्द खोडला आहे. तिन्ही ठिकाणी तो शब्द 'कृपया' असा होता. खोडणारी मीच.

स. जा. सुरडकर (सही)