घासलेलं पातेलं

४ फेब्रुवारी
तिसरा एसी गेला! आतल्या तांब्याच्या नळ्या कोळशासारख्या काळ्या. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, आता मला फोन करू नका. मला लाज वाटते."

वास आज जास्तच. नासक्या अंड्यांचा. दोन वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, पहिलं वर्षभर मी गटाराच्या नावाने बोटं मोडली, गटार बिचारं निर्दोष निघालं. वास भिंतींचा आहे! बिल्डरने परदेशातून जहाज भरून स्वस्तातले जिप्समचे बोर्ड आणले आणि आमच्या भिंती केल्या. त्यातून कसला तरी गॅस सुटतो, त्याने तांबं काळं पडतं. दातांच्या दवाखान्यात मी काउंटरवर बसते, तर पेशंट माझ्याकडे बघून नाक मुरडतात. कपड्यांतच मुरलाय वास.

माझ्या चिमीचा खोकला आहेच. डॉक्टर म्हणतात, "धुळीची ॲलर्जी. लहान मुलांना असते."

११ फेब्रुवारी
कोर्ट. सगळ्या गल्लीचा मिळून एकच दावा — घरं परत घ्या, आम्हाला सोडवा. बिल्डरचा वकील उठला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, भांडी घासली नाहीत तर काळी पडणारच. घर अस्वच्छ ठेवलं तर वास येणारच."

अस्वच्छ! आणि मागच्या बाकावर सासूबाई. ज्या बाईने उभ्या जन्मात ओट्यावर पाण्याचा थेंब राहू दिला नाही, मला सून म्हणून आल्या दिवसापासून कढईचं बूड उलटं करून दाखवलं, त्या बाईला हे ऐकवलं! घरी आल्या आल्या त्यांनी ओटा पुसायला घेतला. मी आपली खूश — म्हटलं, बरं झालं, कोणीतरी त्यांची कढई उलटी करून बघितली. आता वाईट वाटतंय.

कोर्टाने नमुना म्हणून एकच घर निवडलं. आमचं. कोर्टाचा इंजिनिअर एकोणीसला येणार. तो लिहील ते सगळ्या गल्लीचं.

१२ फेब्रुवारी
खोकला. शाळेतून फोन. अर्ध्या दिवसात घेऊन आले.

१८ फेब्रुवारी
आमच्या वकीलबाईंचा फोन — "काहीही हलवू नका. आहे तसं दिसू दे." मी सगळ्यांना दम भरला. नवऱ्याला, चिमीला, सासूबाईंना. "उद्या घरातलं काहीही हलवायचं नाही!"
सासूबाई म्हणाल्या, "बरं."

१९ फेब्रुवारी
संपलं सगळं.

नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मी चिमीला शाळेत सोडून वकीलबाईंना घ्यायला बसस्टॉपवर गेले. इंजिनिअर, बिल्डरचा वकील, आम्ही दोघी, सगळे एकदमच दारात आलो. दार उघडलं आणि घर लखलखत होतं! प्रत्येक पातेलं, डबा, नळ, कड्या. दुरुस्तीवाल्याने एसी उघडा ठेवला होता, त्याच्या नळ्यासुद्धा लिंबू-मीठ लावून घासलेल्या! खिडक्या सताड उघड्या, फरशीला फिनेल. वास कसला? फिनेलचा. वायरी काळ्या असत्या, पण ठिणग्या उडाल्या म्हणून त्या गेल्याच महिन्यात बदलल्या.

"आई, हलवायचं नाही म्हटलं होतं ना!"

"हलवलं कुठे? जिथल्या तिथे ठेवलंय." आणि बिल्डरच्या वकिलाकडे वळून ताठ मानेने, "बघा. हे अस्वच्छ घर."

तो हसला. नमस्कार केला मेल्याने! इंजिनिअरने चष्मा पुसला. "मला दिसतं तेच लिहावं लागतं, बाई."

ते गेल्यावर मी नको नको ते बोलले. "तुमच्या भांड्यांपायी माझी पोर मरेल," असं बोलले. त्या बेसिनपाशी हात धूत राहिल्या. मी निघाल्यापासूनचं काळं नखांतून निघत नव्हतं.

२१ फेब्रुवारी
गल्लीत कोणी बोलत नाही. कोपऱ्यावरचे मास्तर मला बघून फाटकाआड झाले. त्यांचंही बरोबर आहे. नवरा म्हणतो, "होईल काहीतरी." काय होणार? डोंबल! हे घर कोण विकत घेणार, आणि सोडून जायचं कुठे?

सासूबाई जेवत नाहीत. मीही आग्रह करत नाही.

२४ फेब्रुवारी
वकीलबाईंच्या ऑफिसात मी नुसती भांडत होते. "दर पंधरा दिवसांनी बसतात घासायला! घासतात, परत काळं होतं, परत घासतात, तरी अक्कल—"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "काय म्हणालात? परत काळं होतं?"

२ मार्च
कोर्टाने परवानगी दिली. इंजिनिअरसमोर सासूबाईंनी त्यांच्या आईचं तांब्याचं पातेलं घासलं. परीक्षेला बसल्यासारख्या, पदर खोचून. बिल्डरच्या वकिलाने स्वतः हातात घेऊन, फिरवून बघितलं. त्यात तोंड दिसत होतं! चिमीच्या खोलीत ठेवलं, दाराला सील. तसंच घासलेलं दुसरं इंजिनिअरच्या ऑफिसात, कपाटावर. महिन्याने दोन्ही बघायची. तोवर घर बंद, आम्ही नणंदेकडे. तिच्या एका खोलीत चौघं. नणंद म्हणाली, "दाटीवाटीत प्रेम वाढतं." तिला काय जातंय!

सासूबाई आणि मी कामापुरतं बोलतो.

९ मार्च
मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "भाजी निवड."

१६ मार्च
चिमी सलग सहा रात्री खोकली नाही. नणंदेच्या हातचं मानवलं असेल.

२७ मार्च
मला धीर धरवत नाही. पातेलं तसंच निघालं तर? तर आम्ही खोटे, आणि जायचं पुन्हा त्याच भिंतींत.

२ एप्रिल
काळं! बुडापासून काठापर्यंत काळं! इंजिनिअरच्या ऑफिसातलं जरा चकाकी उतरलेलं, हे मात्र तव्यासारखं. इंजिनिअर लिहायला लागला. वकीलबाईंनी मला मिठी मारली. मास्तर दारात उभे राहून लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. बिल्डरचा वकील फोन घेऊन बाहेर गेला, तो आलाच नाही. जिंकलो!

सासूबाई तेवढ्या पातेलं हातात धरून चिमीच्या पलंगाकडे बघत उभ्या. मी म्हटलं, "घासू या, आई. मी घासते." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. आईची आठवण, वाईट वाटलं असेल.

३ एप्रिल
सकाळी चहाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "माणसाच्या आतलं बघतात ना गं डॉक्टर?"

पातेलं त्या खोलीत एक महिना होतं. चिमी दोन वर्षं.