तिसरा बर्नर गप्प आहे

४ जून

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

भट्टीच्या सुरक्षेचे काम माझ्याकडे येऊन वर्ष होत आले. पण कायम होण्याआधीच नोकरी जाईल, अशी चिन्हे आहेत. पोलाद तापवण्याच्या आमच्या भट्टीला गॅसचे चार बर्नर आहेत. प्रत्येकाच्या ज्योतीवर यंत्राचा एक डोळा रोखलेला असतो. ज्योत विझली, की तो गॅस तोडतो. मग आत उरलेला गॅस पंख्याने बाहेर काढल्याशिवाय भट्टी पुन्हा पेटवता येत नाही. दुसऱ्या बर्नरचा डोळा हल्ली रोजच गॅस तोडतो आणि काम खोळंबते. त्याला वगळून भट्टी चालवा, असे मॅनेजरसाहेब म्हणतात. मी नकार दिला, तेव्हा बाकीचे तिघे कसे गुणी बाळासारखे गप्प असतात, खोड काढायची हौस काय ती तुम्हालाच, असे सर्वांदेखत म्हणाले. महिनाअखेरपर्यंत ऐकले नाही, तर मला कायम करणार नाहीत. काय करू?

मामीला नमस्कार.
तुमची भाची

८ जून

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर खुणा करून ते सोबत परत पाठवले आहे. मामीचा चहा आजही पाणचट होता. शेजाऱ्यांचा रेडिओ भल्या पहाटे बोंबलतो. एवढ्या तक्रारी नोंदवून मुद्द्यावर येतो.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रिते तपासली. ज्या पानावर एकही चूक सापडत नसे, ते पान मी आधी पुन्हा वाचत असे. कारण बहुधा ते कोणी नीट वाचलेलेच नसे. दुसरा कुरकुरतो, हे सर्वांना ऐकू येते. बाकीचे तिघे गप्प का आहेत, हे कोणी तपासले आहे काय? ते तपास आणि मगच उत्तर दे. मात्र आवाज चढवू नकोस. तुझ्या आईला जे कधी जमले नाही, ते तुला तरी जमावे.

आशीर्वाद आहेतच, मागायची गरज नाही.
तुझा कुरकुरा मामा

१६ जून

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

सुटीच्या दिवशी साहेबांना शेजारी उभे करून मी एकेका बर्नरचा गॅस हाताने बंद केला. दुसरा विझवला, त्याच्या डोळ्याने तत्काळ सांगितले. तिसरा विझवला, तरी त्याचा डोळा ज्योत असल्याचेच सांगत राहिला! ज्या नळीतून तो पाहतो, ती किंचित तिरकी बसली होती आणि तो खुशाल चौथ्याची ज्योत पाहत होता. नुकती पेटवलेली भट्टी अजून थंड असताना तिसरा आपोआप विझता, तर गॅस आत साचत राहिला असता आणि माणसांसकट सारे उडाले असते.

साहेबांनी स्वतः वाकून ती तिरकी नळी पाहिली. मग त्यांनीच दुसरा उघडायला लावला. हवेचा झोत जास्त असल्यामुळे त्याची ज्योत खरोखरच तुटत होती. बिचारा डोळा खरे तेच सांगत होता. मला कायम केल्याचे साहेबांनी तिथेच सांगितले, आणि खोड काढायची ही विद्या कुठे शिकलात, असे विचारले. मी म्हटले, मामाकडे.

तुमची भाची

२० जून

चि. भाचीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र मामीकडून दोनदा वाचून घेतले. मी शोधलेल्या चुकांनी फार तर वाक्य बिघडले असते. तू शोधलेल्या चुकीवर माणसांचे प्राण टांगलेले होते. इतके ठाम आणि तरीही इतके शांत आपल्या घरात आजवर कोणी झाले नाही. तुझा फार अभिमान वाटतो.

इकडे सर्व उत्तम. चहा उत्तम, शेजारी उत्तम. हाताला थोडी विश्रांती म्हणून हे पत्र मामीच्या अक्षरात आहे, एवढेच.

मामा

२४ जून

ती. मामा यांस,
सा. न. वि. वि.

कौतुकाने डोळे भरून आले. पण पत्रात एकही तक्रार नव्हती, म्हणून ते पुन्हा वाचले आणि मामीला फोन केला. जिन्यात पाय घसरून तुमचे मनगट मोडले, आणि माझे लक्ष कामावरून उडेल म्हणून मला कळवायचे नाही, अशी तंबी तुम्ही तिला दिली होती, हे तिने रडत सांगितले.

चहा उत्तम, म्हणे! आमचा तिसरा बर्नरही असेच सांगत होता.

साहेबांनी रजा दिली आहे. शनिवारी येते. चहा मी करीन. नावे ठेवायला तयार राहा.

तुमचा लोभ आहेच, कुरकुरही चालू असावी.
तुमची भाची