यासिरचं भाडं, माझं खातं

३ मे
वरच्या खोलीतल्या यासिरचं भाडं दोन महिने नाही. सुदानचा आहे, इथल्या औषध संशोधनाच्या कॅम्पसमध्ये शिकतो. "आंटी, लड़ाई है, बैंक बंद है." मी म्हटलं, लढाई तिकडे, छत माझं. आणि वर डब्यात भाजी पण दिली. असली मी घरमालकीण.

६ मे
त्याची बहीण कैरोत हॉटेलात भांडी घासते. ती मोबाइलवरून कॉईन पाठवणार म्हणे, तो क्रिप्टोवाला, बँकेशिवाय. यासिरनं तो कॉईन इथे कुणाला तरी विकायचा, घेणारा रुपये देतो. मी तासभर भाषण ठोकलं — जुगार आहे हा, घरं बुडाली लोकांची! रुचिरा म्हणाली, "मम्मी, उसके पास दूसरा रास्ता क्या है?" मराठी सगळं कळतं कार्टीला, उलटं बोलायचं ते हिंदीत.

७ मे
पैसे आधी त्याच्या खात्यात, मग माझ्या — एवढा धीर कुणाला? म्हटलं, घेणाऱ्याला सांग, थेट माझ्याच खात्यात टाक. दुपारी बारा हजार आले. जुगार बिगार काही आठवलं नाही तेव्हा.

१५ मे
खातं गोठवलं. ह्यांच्या मागे मिळणारी पेन्शन त्यातच. बँकेतली बाई म्हणाली, ते बारा हजार चोरीचे. ज्यानं कॉईन घेतला त्यानं भोपाळच्या एका रिटायर नर्सला फोनवर फसवून लुटलं होतं. यासिर म्हणतो, "मुझे नहीं मालूम था आंटी." मला तरी कुठे माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

१६ मे
बहिणीची मेहनत खरी. नर्सबाईचे पैसे पण खरे. आणि ते खाऊन बसले मी, सातवी पास. रुचिराची फी गेली त्यातून.

१९ मे
परवा सायबर ठाण्यात बोलावलंय. धाकट्या भावाचा, बुद्धभूषणचा फोन — "ताई, पोराचं नाव सांग आणि मोकळी हो. भाडेकरूसाठी पेन्शन घालवतेस का?" बरोबरच बोलतो. पण नाव गेलं की व्हिसा गेला. मग तो जाणार कुठे, घर उरलंय का तिकडे?
यासिरला सांगितलं, खोली खाली कर. मग म्हटलं, महिनाअखेर कर. मग चहा ठेवला.

२१ मे
सकाळी सोनाराकडे दोन बांगड्या मोडल्या. नर्सबाईचे बारा हजार ठाण्यात भरले.
साहेबांनी विचारलं, "कॉइन किसका था?"
म्हटलं, "मेरा."
लिहून घेतलं. मी सही केली.